मुलाच्या कोपराला लागलंय: एक्स-रे आत्ता, उद्या की नकोच?

ग्रामीण रुग्णालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याने विचारलं आहे: कोपराला लागलेलं मूल आलं की दर वेळी एक्स-रे काढायचाच का? त्यांची अडचण खरी आहे. तंत्रज्ञ दुपारनंतर नसतो, खासगी एक्स-रे सेंटर पंचवीस किलोमीटरवर, आणि पालक "फोटो काढूनच बघा" म्हणून बसून राहतात. फोटो काढला तर लहान मुलाच्या कोपरात हाडाचे इतके सुटे ठिपके दिसतात की मोडलेला कुठला आणि मूळचाच कुठला, ते कळत नाही. शिवाय त्यांनी वाचलं आहे की हात पूर्ण सरळ होत असेल तर एक्स-रेची गरज नसते. हा नियम मुलांना लावता येईल का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न.

डॉक्टर, प्रश्न थोडा फिरवून घेऊ. मी स्वतःला विचारतो ते असं: फिल्म बघून, मी आज या मुलाचं जे करणार आहे त्यात काही बदलेल का? बदलणार असेल तर काढायची, त्यासाठी पंचवीस किलोमीटर पाठवावं लागलं तरी. बदलणार नसेल तर दुखरा हात उगाच त्या टेबलावर पिरगाळायला लावायचा नाही. आणि एक तिसरी शक्यता असते, ती नवे डॉक्टर विसरतात: फिल्म हवीच आहे, पण आत्ता नको, कारण आत्ता त्याहून निकडीचं काहीतरी समोर आहे.

किरणांची भीती या निर्णयात आणू नका. कोपराच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे हा सगळा हिशेब काही तासांच्या नैसर्गिक किरणांचा आहे. मग सरसकट सगळ्यांचा का काढू नये? पैसे, दिवसभराची बुडालेली मजुरी, मुलाचं रडणं ही कारणं आहेतच. पण माझं मोठं कारण वेगळं आहे. "फोटो नॉर्मल आला" या वाक्याला आपल्याकडे घरी गेल्यावर भलताच अर्थ चिकटतो. नॉर्मल म्हणजे हाड शाबूत, हाड शाबूत म्हणजे लचक, आणि लचक म्हणजे कोमट तेल लावून चोळायची. लहान मुलाच्या कोपराचा बराचसा भाग अजून कूर्चेचा, म्हणजे हाड न झालेला, असतो आणि कूर्चा फिल्मवर उमटत नाही. त्यामुळे नॉर्मल फिल्मचं कोपर मोडलेलं असू शकतं. मुलांमध्ये सांध्याभोवतीचे लिगामेंट (हाडांना बांधणारे पट्टे) ग्रोथ प्लेटपेक्षा, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थरापेक्षा, दणकट असतात, जोर आला की आधी हाड किंवा ग्रोथ प्लेट जाते. सुजलेल्या कोपराच्या केसपेपरवर मी "स्प्रेन" हा शब्द लिहीतच नाही.

तर सुरुवात वयापासून आणि हकिकतीपासून. "पडला" एवढ्यावर भागत नाही. कुठून पडला, हात कसा टेकला, त्याआधी कुणी हात ओढला होता का, त्यानंतर तो हात एकदा तरी वापरला का? ज्याने प्रत्यक्ष पाहिलं तो बहुतेक वेळा घरी असतो आणि मुलाला आणलेलं असतं आजीने नाहीतर शेजारच्या काकांनी. त्यांना फोन लावायला सांगा. दोन मिनिटांच्या बोलण्यात एखादा एक्स-रे टळतो, आणि एखादा टाळायला निघालो होतो तो काढावा लागतो.

सगळ्यात सोपा गट एक ते चार वर्षांच्या मुलांचा. कुणीतरी हाताला धरून ओढलं किंवा उचललं: एसटीत चढताना, रस्ता ओलांडताना, दोन्ही हात धरून गरगर फिरवताना, कधी नुसती स्वेटरची बाही खेचताना. मूल कळवळून रडलं, मग शांत झालं, पण तो हात अंगाशी लोंबता ठेवून बसलंय. कोपर किंचित वाकलेलं, तळवा आत वळलेला. सूज नाही. हाताला कुणी शिवलं नाही तर हसतं-खेळतं. घरचे म्हणतात हात उतरलाय, आपण म्हणतो पुल्ड एल्बो. रेडियसच्या (कोपराखालचं अंगठ्याकडचं हाड) डोक्याभोवतीचं ॲन्युलर लिगामेंट सरकून सांध्यात अडकलेलं असतं. हाड मोडलेलं नसतं, सांधाही फिल्मवर जागच्या जागी दिसतो. इथे एक्स-रे नको, हात बसवायचा.

मूल आईच्या मांडीवर. तुमच्या एका हातात त्याचं कोपर, अंगठा रेडियसच्या डोक्यावर. दुसऱ्या हाताने मनगटाच्या वर धरून हात तळवा-खाली दिशेने पूर्ण वळवायचा, वळतो तिथपर्यंत. अंगठ्याखाली बारीक "टक" लागतं. तळवा वर करून कोपर वाकवण्याची जुनी पद्धतही चालते, पण २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात (आधीच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब) पहिल्याच प्रयत्नात हात न बसण्याचं प्रमाण तळवा-खाली पद्धतीत सुमारे ९ टक्के आणि जुन्या पद्धतीत सुमारे २६ टक्के आलं. मी आधी पहिलीच वापरतो, नाही जमलं तर दुसरी. त्यानंतर तिथून निघून जायचं, हे महत्त्वाचं. डॉक्टर समोर उभा असेपर्यंत मूल तो हात हलवत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी आईला बिस्किट द्यायला सांगा, दुखऱ्या हाताच्या बाजूने, खांद्याच्या उंचीवर धरून, आणि दुसरा हात हळूच धरून ठेवून. दाराआडून बघा. हात वर गेला की काम झालं. रात्रभर उतरलेला राहिला असेल तर हात वापरायला थोडा जास्त वेळ लागतो, घाई करू नका.

याच मुलाला एक्स-रेला पाठवलं तर काय होतं तेही बघण्यासारखं असतं. एपी (समोरून घेतलेल्या) व्ह्यूसाठी तंत्रज्ञ तळवा वर करून हात टेबलावर सपाट दाबतो आणि त्या झटापटीत हात बसतो. मूल हात हलवत बाहेर येतं, फिल्म नॉर्मल, आणि श्रेय मशीनला.

पण या सोप्या गटात कुणाला बसवायचं याबद्दल कडक राहा. हकिकत पडल्याची असेल, कोपराभोवती सूज असेल, बोटाने दाबल्यावर हाडाच्या एका ठरावीक जागी मूल दचकत असेल, तर हात फिरवायचा नाही. आधी फिल्म. सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरला (दंडाचं हाड कोपराच्या लगेच वर मोडणं) उतरलेला हात समजून पिळलं तर जागेवर असलेलं हाड सरकू शकतं. हकिकत ओढल्याचीच आहे, पण दोन्ही पद्धती करून, अर्धा तास थांबूनही मूल हात वापरत नाही, तरी थांबा आणि फिल्म काढा. ओढल्याची हकिकत कुणीच सांगत नाही, मूल पलंगावर लोळताना रडलं एवढंच, आणि बाकी चित्र अगदी जुळतंय, असंही होतं. तिथे खांद्यापासून बोटांपर्यंत नीट चाचपून, कुठेही हाड दुखत नसेल तर मी बसवून बघतो.

चाचपण्याबद्दल सांगतो, कारण फिल्म कुठली मागवायची हे त्यावरच ठरतं. "कोपर दुखतंय" हे घरच्यांचं निदान असतं. दोन वर्षांचं मूल कॉलरबोन मोडली तरी हात उचलत नाही आणि मनगटाजवळ हाड चेपलं तरी नाही. मी चांगल्या हातापासून सुरुवात करतो, मग दुखऱ्या बाजूची कॉलरबोन, दंड, मग मनगटाकडून वर येत येत शेवटी कोपर. आणि हे करताना मुलाच्या हाताकडे न बघता चेहऱ्याकडे बघतो. कोपरात चार जागा वेगवेगळ्या दाबायच्या: कोपराच्या वर दंडाचं हाड, बाहेरचा कॉन्डाइल (त्याच हाडाचं खालचं, बाहेरच्या बाजूचं टोक), आतला एपिकॉन्डाइल (आतल्या बाजूचा उंचवटा), मागे ओलेक्रॅनन (कोपराचं मागचं टोक). शिवाय रेडियसचं डोकं, तळवा वर-खाली फिरवत. परीक्षेत आपण सगळ्यांनी तीन हाडांच्या टोकांचा समभुज त्रिकोण पाठ केलेला असतो. सुजलेल्या कोपरात तो शोधायला गेलात तर त्रिकोण सापडत नाही, फक्त मूल किंचाळतं. सोडून द्या.

आता हात सरळ करण्याच्या नियमाकडे येतो. हा २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासातून पुढे आला. नैर्ऋत्य इंग्लंडमधले पाच इमर्जन्सी विभाग, १७४० रुग्ण, त्यांत ३ ते १५ वर्षांची ७८० मुलं. ज्यांचा हात पूर्ण सरळ होत नव्हता, त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं हाड मोडलेलं निघालं. म्हणजे पडल्यानंतर हात सरळ होत नसेल तर फिल्म काढायची, यात वाद नाही. ज्यांचा सरळ झाला त्यांत मोठ्या माणसांपैकी सुमारे ९८ टक्के आणि मुलांपैकी सुमारे ९६ टक्के लोकांना फ्रॅक्चर नव्हतं. थोडक्यात, हात सरळ करून दाखवणाऱ्या शंभर मुलांत चारेकांचं हाड तरीही मोडलेलं असू शकतं. हे चार कसे असतात, हे पाहिलं पाहिजे. हात सरळ होऊनही नंतर उपचार बदलावे लागले असे त्या अभ्यासात दोनच रुग्ण होते, दोन्ही मोठी माणसं, दोघांचंही ओलेक्रॅननचं फ्रॅक्चर. मुलांमध्ये सुटलेली फ्रॅक्चर्स अशी नव्हती की ज्यांनी कुणाचं नुकसान झालं. पण त्याच अभ्यासात हेही म्हटलं आहे की फिल्म न काढलेल्याने ७ ते १० दिवसांत बरं वाटलं नाही तर परत यायचं. तिथे रुग्ण परत येतो हे गृहीत धरलेलं आहे. तुमच्याकडे येईल का?

म्हणून मुलांना मी हा नियम लावतो, पण अटी घालून. मूल तीनच्या वरचं, सांगितलेलं समजणारं हवं. हात त्याने स्वतः सरळ केला पाहिजे, आपण ओढून नाही. दोन्ही हात बाहीतून मोकळे, समोर खांद्याच्या उंचीवर, तळवे वर. "आरतीचं ताट दोन्ही हातांनी लांबून माझ्यापुढे धर" म्हटलं की पाच वर्षांचं मूलही बरोबर करतं. दोन्ही कोपरं शेजारी शेजारी बघा. बऱ्याच मुलांची कोपरं सरळ रेषेच्याही थोडी मागे जातात. चांगलं कोपर मागे जातंय आणि दुखरं नुसतं सरळ होऊन थांबतंय, तर तो हात पूर्ण सरळ झाला असं मी धरत नाही. त्यानंतर तळवा वर-खाली फिरवायला सांगायचं. रेडियल नेक (रेडियसच्या डोक्याखालची मान) मोडलेलं मूल हात सरळ करून दाखवेलही, पण फिरवताना तोंड वाकडं करेल. आणि बाहेरचा कॉन्डाइल किंवा ओलेक्रॅनन बोटाने दाबून दुखत असेल, तर हात सरळ झाला तरी फिल्म.

एवढं सगळं साफ निघालं आणि घर जवळ आहे, आई समंजस आहे, फोन लागतो, तर एक्स-रेशिवाय स्लिंग आणि दुखण्याचं औषध देऊन घरी पाठवतो आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा बोलावतो. ऊसतोडीला आलेलं कुटुंब असेल, उद्या टोळी पुढच्या कारखान्यावर निघणार असेल, तर त्याच मुलाची फिल्म मी आजच काढतो. तपासणीत दोन्ही मुलांमध्ये काही फरक नसतो. फरक एवढाच की या मुलाला मी पुन्हा बघेन अशी खात्री नाही. हे कुठल्या पुस्तकात बसत नाही, पण मला त्यात काही गैर वाटत नाही.

वयाच्या दोन टोकांना मी हा नियम अजिबात वापरत नाही. वर्षाच्या आतलं, न चालणारं मूल हात हलवत नसेल तर फिल्म काढायचीच, आणि विचार त्यापलीकडे न्यायचा. दोन-तीन वर्षांखाली कोपराचा सांधा निखळणं फार दुर्मीळ. फिल्मवर तसं दिसलं तर ते बहुधा दंडाच्या हाडाचं खालचं टोक ग्रोथ प्लेटमधून सुटलेलं असतं, आणि अशी इजा होण्यामागे हात जोराने पिरगाळणं असू शकतं. हकिकत इजेशी जुळत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना बोलवा, मुलाला पूर्ण उघडं करून तपासा, दाखल करून घ्या. अंगात ताप असेल आणि पडल्याची हकिकत ओढूनताणून वाटत असेल तर सांध्यात पू झालाय का ते आधी बघायचं.

दुसरं टोक दहा ते चौदा वर्षांचं. मल्लखांब, कुस्ती, कबड्डी. या वयात कोपर निखळून जागेवरच परत बसलेलं असू शकतं. मुलगा म्हणतो "कट्कन आवाज आला, पण आता ठीक आहे." आतल्या बाजूला सूज आणि दुखणं असेल तर आतला एपिकॉन्डाइल सुटलाय का, आणि सुटून सांध्यात अडकलाय का, हे फिल्मशिवाय कळत नाही.

आतापर्यंतचं एका दमात: ओढल्याची हकिकत, छोटं मूल, सूज नाही, तर फिल्म नको, हात बसवा. पडल्याची हकिकत आणि हात सरळ नाही, किंवा सूज, किंवा हाडावर नेमकं दुखणं, तर फिल्म. पडलं आहे पण सगळं साफ आहे, तर परत येण्याच्या खात्रीवर ठरवा.

आता ती तिसरी शक्यता. पाच-सात वर्षांचं मूल झोक्यावरून किंवा झाडावरून पसरलेल्या हातावर पडलंय, कोपर वाकडं दिसतंय, सूज झपाट्याने वाढतेय. हे सुप्राकॉन्डायलर असणार, हे सांगायला फिल्म लागत नाही. इथे पहिली गोष्ट कोपर नाही, पंजा. रंग कसा, गरम आहे का, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली येते का, मनगटावर नाडी लागते का. मग नसा. मुलाशी दगड-कागद-कात्री खेळा. दगडाची मूठ वळली तर मेडियन नस ठीक, कागदासाठी बोटं आणि मनगट ताठ झालं तर रेडियल, कात्रीची दोन बोटं फाकली तर अल्नर. शेवटी अंगठा आणि तर्जनीची टोकं जोडून गोल करायला लावा, आपण "झकास" म्हणताना करतो तसा. गोल न होता बोटं चपटी राहिली तर मेडियनची अँटिरियर इंटरऑसियस शाखा गेली आहे. या फ्रॅक्चरमध्ये सर्वात जास्त वेळा हीच दुखावते, आणि तिच्यामुळे कुठे बधिरपणा येत नाही म्हणून नुसता स्पर्श तपासून ती सापडत नाही. जे सापडलं ते वेळेसकट लिहून ठेवा. ऑपरेशननंतर बोट हललं नाही तर ते आधीपासून होतं की नंतर झालं, याचा पुरावा तुमच्या त्या दोन ओळी असतात.

पंजा पांढरा, थंड, नाडी नाही, नस गेलेली, त्वचेतून हाड बाहेर किंवा जखम, किंवा औषध देऊनही वाढत जाणारं दुखणं आणि बोटं हळूच सरळ केली तरी मूल ओरडतंय, यांपैकी काहीही असेल तर एक्स-रेसाठी एक मिनिट घालवू नका. आधार द्या, दुखण्याचं औषध द्या, १०८ बोलवा, पुढच्या रुग्णालयातल्या ऑर्थोला फोन करा. फिल्म तिथे काढतील. स्नायूंचा रक्तपुरवठा थांबून हात आखडण्याचं जे वर्णन जर्मन सर्जन फोकमनने १८८१ साली केलं, ते हात आजही बघायला मिळतात. मुलांमध्ये कंपार्टमेंट सिंड्रोमची (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं) सुरुवात अस्वस्थपणातून दिसते: मूल उगाच चिडचिडं होतं, घाबरं होतं, औषध पुन्हा पुन्हा मागतं. नाडी जाण्याची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो.

तंत्रज्ञ नसलेल्या रात्रीचं काय? पंजा व्यवस्थित, वाकडेपणा नाही, जखम नाही, दुखणं औषधाने आवरतंय, तर फिल्म सकाळी काढली तरी चालते. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम किंवा आयब्युप्रोफेन किलोला १० मिलिग्रॅम आधी द्या, हात लावायच्याही आधी. मागच्या बाजूने स्लॅब (एकाच बाजूचं अर्धं प्लास्टर), भरपूर कापूस, क्रेप बँडेज सैलसर, बोटं पूर्ण उघडी. कोपर आहे त्या आरामाच्या स्थितीत, साधारण ३०-४० अंशांत. सुजलेलं कोपर ९० अंशांपुढे वाकवून बांधलं तर नाडी दबू शकते, म्हणून स्लॅब झाल्यावर पंजा पुन्हा तपासा. पूर्ण गोल प्लास्टर पहिल्या दिवशी नाही. आणि पडलेल्या मुलाला बिस्किट द्यायचं नाही! ते फक्त ओढलेल्या हाताच्या मुलासाठी. ऑपरेशन लागण्याची शक्यता असेल तर पोट रिकामं हवं, आणि आपल्याकडे रडणाऱ्या मुलाला कुणीतरी चहा-पाव खाऊ घातलेला असतोच. शेवटचं कधी खाल्लं, ते विचारून लिहा.

सोनोग्राफीने मागचा फॅट पॅड (सांध्यातली चरबीची गादी, आत रक्त साचलं की वर उचलली जाते) बघून फ्रॅक्चर ओळखता येतं, असं कुणी सुचवेल. खरं आहे, परदेशात इमर्जन्सीत ते करतात. आपल्याकडे मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्याच्या नोंदणीत बांधलेलं असल्याने ते उचलून कॅज्युअल्टीत आणायचा विचारही करू नका.

आता फिल्म हातात आली असं समजू. दोन व्ह्यू हवेत, एपी आणि खरा लॅटरल (बरोबर बाजूने घेतलेला). लॅटरल तिरका आला असेल तर त्यावर फॅट पॅड किंवा रेषा बघण्यात अर्थ नाही, पुन्हा मागा. मी आधी फॅट पॅड बघतो. पुढचा थोडासा दिसणं नॉर्मल, शिडासारखा फुगलेला नाही. मागचा दिसला की सांध्यात रक्त आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मागचा फॅट पॅड दिसतोय पण फ्रॅक्चर दिसत नाही अशा ४५ मुलांच्या पुढच्या फिल्म तपासल्या, त्यांत ३४ जणांचं हाड मोडलेलं निघालं. तेव्हा मागचा फॅट पॅड दिसला की स्लॅब, वाद नाही.

मग दोन रेषा. लॅटरलवर दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेची रेषा खाली ओढली की ती कॅपिटेलमच्या (दंडाच्या हाडाचं खालचं, बाहेरच्या बाजूचं गोल टोक) मधल्या तिसऱ्या भागातून जायला हवी. कॅपिटेलम रेषेच्या मागे राहिला तर सुप्राकॉन्डायलर. चार वर्षांखाली ती रेषा पुढच्या भागातूनही जाऊ शकते, तेवढी सूट द्या. दुसरी रेषा रेडियसच्या मानेच्या मधून, ती प्रत्येक व्ह्यूवर कॅपिटेलमला मिळालीच पाहिजे. मिळत नसेल तर रेडियसचं डोकं निखळलंय, आणि मग अल्ना (करंगळीकडचं हाड) कुठेतरी मोडलेली किंवा नुसती वाकलेली असणार, म्हणून मनगटापर्यंतची फिल्म लागते. ही मॉन्टेजिया इजा. इटालियन सर्जन मॉन्टेजियाने ती १८१४ साली सांगितली, एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी. आपण मात्र फिल्म समोर असून ती चुकवतो, कारण अल्नाचं फ्रॅक्चर दिसलं की नजर तिथेच थांबते.

तुम्ही विचारलेल्या त्या सुट्या ठिपक्यांचा, म्हणजे कूर्चेत हाड तयार होऊ लागलेल्या जागांचा, दिसण्याचा क्रम: कॅपिटेलम, रेडियसचं डोकं, आतला एपिकॉन्डाइल, ट्रॉक्लिया (कॅपिटेलमच्या आतल्या बाजूचा भाग), ओलेक्रॅनन, बाहेरचा एपिकॉन्डाइल. साधारण १, ३, ५, ७, ९, ११ वर्षांना. मुलींमध्ये आधी दिसतात, वर्षं मागेपुढे होतात, पण क्रम सहसा मोडत नाही. ट्रॉक्लियाचा ठिपका दिसतोय आणि आतला एपिकॉन्डाइल त्याच्या जागी नाही, तर तुम्ही ज्याला ट्रॉक्लिया समजताय तो सांध्यात अडकलेला एपिकॉन्डाइल असू शकतो. दुसऱ्या कोपराची फिल्म तुलनेला दर वेळी काढू नका. अगदीच अडलात तरच.

बाहेरच्या कॉन्डाइलबद्दल थोडा जास्त आग्रह धरतो. सुप्राकॉन्डायलरनंतर मुलांच्या कोपरात हेच फ्रॅक्चर सर्वात जास्त दिसतं आणि फिल्मवर कधीकधी हाडाचा फक्त एक पापुद्रा दिसतो, बाकीचा तुकडा कूर्चेचा. बाहेरून सूज आणि नेमकं तिथेच दुखणं असेल तर हात आत वळवून तिरका व्ह्यू मागा, सरकलेलं त्यात सर्वांत नीट दिसतं. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलं असेल तर ऑपरेशनचा विचार. न सरकलेलंही स्लॅबमध्ये सरकू शकतं, म्हणून आठवड्याच्या आत पुन्हा फिल्म. न जुळता राहिलं तर कोपर बाहेरच्या बाजूला झुकत जातं आणि कित्येक वर्षांनी अल्नर नस ताणून पंजा अशक्त होतो. तोवर लहानपणीचं पडणं कुणाच्या लक्षातही नसतं.

फिल्म नॉर्मल, पण मूल हाडावर दाबल्यावर दचकतंय: तपासणी जिंकते. स्लॅब, आणि ७ ते १० दिवसांनी स्लॅब काढून पुन्हा चाचपणं. अजून दुखत असेल तर पुन्हा फिल्म. दोनेक आठवड्यांनी नवीन हाडाचा पातळ थर दिसू लागतो आणि आधी लपलेलं फ्रॅक्चर उघड होतं.

पालकांशी बोलताना "काही नाही" हे शब्द टाळा, फिल्म काढली असो वा नसो. मी असं सांगतो: "आज मोडल्याची खूण दिसत नाही. पण चोळायचं नाही, तेल नाही, शेक नाही, काड्या बांधायच्या नाहीत. हाडवैद्याकडे नेऊ नका, अमुक वारी माझ्याकडे आणा. बोटं निळी पडली, सुजली, हलेनाशी झाली किंवा रात्री दुखणं वाढलं तर वार बघू नका, लगेच या." हे आजीला सांगायचं, फक्त आईला नाही, कारण तेलाची वाटी आजीच्या हातात असते. काड्या घट्ट बांधून हाताचा रक्तपुरवठा जाणं आणि चोळून चोळून सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड तयार होणं, दोन्ही मी पाहिलंय. तसं झालेल्या मुलाचं कोपर मग महिनोन्महिने वळत नाही.

एक्स-रे नाकारल्यावर तक्रार होईल याची काळजी वाटत असेल तर केसपेपरवर चार ओळी पुरतात: काय झालं, हात दुसऱ्या हाताइतका सरळ झाला, कुठे दुखलं नाही, नाडी आणि नसा ठीक, कधी परत यायला सांगितलं. आणि एवढं समजावूनही बाप हट्टालाच पेटला असेल तर काढून टाका एक्स-रे. भांडण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा ते बरं, फक्त त्या नॉर्मल फिल्मसोबतही वरचंच सगळं बोलायचं.

शंका असली की मोबाइलवर फोटो पाठवून विचारायला लाजू नका. फिल्म व्ह्यूबॉक्सवर किंवा खिडकीच्या काचेवर सपाट धरा, ट्यूबलाइटची तिरीप नको, दोन्ही व्ह्यू पूर्ण, मुलाचं नाव झाकून. सोबत दोन्ही कोपरांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो, वय, पडल्याची वेळ, नाडी आणि चार नसांबद्दल एक ओळ, आणि शेवटचं खाल्लेलं किती वाजता. पलीकडचा ऑर्थो रात्री अकरा वाजता झोपेतून उठून उत्तर देणार असतो, त्याला यातलं एकही पुन्हा विचारावं लागलं नाही तर निर्णय पाच मिनिटांत होतो.